दिवे घाटात टेम्पो गुदमरतोय. कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच गेलाय हे ठरवायचं कसं?

दिवेघाट

नमस्कार मंडळी.

माझा छोटा मालवाहू टेम्पो आहे. चार सिलिंडर, पेट्रोल आणि सीएनजी दोन्हीवर चालणारा, २०१७ चा, बीएस-४. २ लाख १४ हजार किलोमीटर झालेत. पहाटे सासवडहून अंजीर, सीताफळ, वाटाणा, ज्याचा हंगाम असेल तो माल मार्केट यार्डात टाकायचा आणि येताना पेंडीची नाहीतर खताची पोती भरून दिवे घाट चढायचा, हे रोजचं काम.

गेले दोन महिने भरलेल्या गाडीला घाटात दुसऱ्या गिअरवर पंचवीसच्या वर जीवच नाही. पाय दाबला की इंजिन ओरडतं, गाडी ओढत नाही. नाकातोंडावर कुणी उशी धरावी तशी घुसमटते. सकाळी निघाल्यावर पहिली दहा मिनिटं बरी चालते, तापली की मंदावते. सीटखालचा पत्रा इतका तापतो की परवा भावाने चप्पल काढून पाय टेकवला तर चटका बसला. पेट्रोलवर टाकली की सडक्या अंड्याचा वास येतो. अ‍ॅव्हरेजही उतरलंय.

मीटरवर इंजिनाचा पिवळा दिवा आहे. गॅरेजमध्ये स्कॅनर लावला, पी ०४२० कोड आला, त्यांनी पुसला. आठ दिवसांत परत आला. मग प्लग बदलले. परत आला. मग कॉइल बदलली. परत आला. आता म्हणतात कॅटकॉन, म्हणजे धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचा डबा, गेलाय, ३८,००० रुपये लागतील. दुसरा एक जण म्हणाला, दोन हजार द्या, आतली जाळी फोडून सरळ पाइप मारून देतो.

दोघांपैकी एकानेही गाडीखाली वाकून काही मोजलं नाही, हे मला खटकतंय. तेच गेलं असेल तर पैसे घालायची तयारी आहे. पण अंदाजावर ३८ हजार घालवणं मला परवडणारं नाही. साध्या अवजारांनी तपासता येतं का?

नीरा_काठ

माझ्या जुन्या गाडीची जाळी मी काढूनच टाकली होती. पिकअप लगेच आला. दोन हजारात काम होत असेल तर डोकं कशाला लावता?

फिटर_कोल्हापूर

दिवेघाट भाऊ, घाई करू नका. कोड पुसणं आणि पार्ट बदलत बसणं म्हणजे तपासणी नव्हे. मी ही कामं बरीच वर्षं करतोय. पी ०४२० आला म्हणून बदललेले कितीतरी कन्व्हर्टर मी बघितलेत, त्यातले बरेच चांगले होते.

हा कोड येतो कसा, तेवढं आधी समजून घ्या. कन्व्हर्टरच्या आधी एक ऑक्सिजन सेन्सर असतो, नंतर दुसरा. पुढचा सेन्सर सतत ०.१ ते ०.९ व्होल्टच्या दरम्यान वरखाली नाचत असतो, कारण कॉम्प्युटर हवा-इंधनाचं मिश्रण क्षणात घट्ट (इंधन जास्त), क्षणात पातळ (इंधन कमी) करत राहतो. कन्व्हर्टरच्या जाळीवरचा धूर साफ करणारा लेप जिवंत असेल तर तो ऑक्सिजन साठवतो आणि सोडतो, त्यामुळे मागच्या सेन्सरपर्यंत तो नाच पोचत नाही. स्कॅनरवर मागच्या सेन्सरची रेघ ०.६-०.७ व्होल्टच्या आसपास शांत राहते. मागचा सेन्सरही पुढच्यासारखा नाचायला लागला की कॉम्प्युटर पी ०४२० टाकतो. म्हणजे कोड एवढंच सांगतो की मागची रेघ शांत नाही. मॅनिफोल्डच्या गॅसकेटमधून बारीक गळती असेल, मागचा सेन्सर म्हातारा झाला असेल, इंजिन मिस मारत असेल, म्हणजे एखाद्या सिलिंडरमधलं इंधन न जळताच बाहेर पडत असेल, तरी हाच कोड येतो.

आणि घाटात गुदमरणं हा वेगळाच आजार. लेप मेला तरी गाडी व्यवस्थित ओढते, फक्त धूर नीट साफ होत नाही. गुदमरते तेव्हा आतली जाळी वितळून किंवा तुटून वाट अडलेली असते. तुमच्याकडे दोन्ही दिसतंय.

आता तीन गोष्टी सांगा. दिवा नुसता लागलेला होता की कधी लुकलुकत होता? ०४२० सोबत आणखी कुठला कोड होता का? आणि टॅपेट सेटिंग, म्हणजे व्हॉल्वच्या वरची बारीक फट जुळवणं, शेवटचं कधी केलंय?

पीयूसीवाली

दादा, माझं पीयूसी सेंटर आहे. तुमच्या मागच्या दोन वर्षांच्या पीयूसीच्या पावत्या काढा आणि आयडलिंगचा कार्बन मोनॉक्साइडचा आकडा वाचून इथे लिहा. बीएस-४ गाडीला मर्यादा ०.३ टक्के आहे. लोक फक्त 'पास' शब्द बघतात आणि पावती डॅशबोर्डच्या कप्प्यात टाकतात. खरी बातमी त्या आकड्यात असते. चांगल्या कन्व्हर्टरच्या गाडीचा आकडा शून्याला चिकटलेला असतो.

नीरा_काठ, जाळी काढलेली गाडी माझ्याकडे आली की मशीनवर ताबडतोब कळतं. अडीच हजार आरपीएमला मर्यादा ०.२ टक्के आहे, त्यात ती बसत नाही. आणि कायद्याचं सोडा, सिग्नलला तुमच्या मागे स्कूटरवर एखादं लेकरू उभं असतं, त्याच्या नाकात ते जातं. हे मी रोज मशीनवर आकड्यात बघते म्हणून कळकळीने सांगतेय.

दिवेघाट

सगळ्यांचे आभार. भावाला बसवून विचारलं. तो म्हणतो, दिवाळीच्या आधी घाट चढताना दिवा लुकलुकत होता, वर आल्यावर बंद झाला, म्हणून त्याने मला सांगितलंच नाही. असं तीन-चार वेळा झालं.

गॅरेजच्या पहिल्या बिलामागे पेनाने दोन कोड लिहिलेले सापडले: पी ०४२० आणि पी ०३०३. दुसऱ्याबद्दल मला कुणी काही बोललं नव्हतं.

टॅपेट सेटिंग? गाडी घेतल्यापासून केल्याचं आठवत नाही.

ताई, पावत्या बघितल्या. मागच्या वर्षी ०.०४, यंदा ०.२६. दोन्हीवर पास लिहिलंय.

फिटर_कोल्हापूर

भाऊ, हेच मला हवं होतं. पी ०३०३ म्हणजे तीन नंबरचं सिलिंडर मिस मारतंय. आणि लुकलुकणारा दिवा ही गाडीची हाक असते, 'आत्ता पाय काढ, कन्व्हर्टर जळतोय' अशी. स्थिर दिवा असला तर जवळच्या गॅरेजपर्यंत जाता येतं. लुकलुकत असला तर गाडीवर जोर देऊ नये. हे आपल्याकडच्या ड्रायव्हरांना कुणी सांगत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

मिसफायरचा कोड उभा असेपर्यंत ०४२० चा निकाल लावायचाच नसतो. आधी ०३०३.

तरी वाट अडली आहे की नाही, ते आज बघता येईल. व्हॅक्यूम गेज घ्या, साधं मिळतं. इनटेक मॅनिफोल्डच्या एखाद्या व्हॅक्यूम नळीला जोडा. गाडी पूर्ण तापू द्या. आयडलिंगचा आकडा लिहा. मग अडीच हजारांपर्यंत रेस द्या आणि तिथेच मिनिटभर धरून ठेवा. चांगल्या गाडीची सुई सुरुवातीला हलते आणि मग आधीच्या जागी किंवा थोडी वरच येऊन थांबते. पुढे वाट बंद असेल तर सुई हळूहळू खाली सरकत जाते.

पुस्तकात १७ ते २१ इंच लिहिलेलं असतं ते समुद्रसपाटीचं. दर हजार फुटांना एक इंच वजा धरा. पुणे ५६० मीटरवर, सासवड त्याहूनही उंच. तेव्हा दोन इंच कमी दिसले म्हणून घाबरू नका.

सुईचा व्हिडिओ काढा आणि मला व्यक्तिगत संदेशात पाठवा.

फ्रीमाँट

मी कॅलिफोर्नियात असतो, माझ्याकडे २००१ ची जुनी पिकअप आहे, म्हणून हा धागा आवडीने वाचतोय. इथे स्मॉग चेक दर दोन वर्षांनी करावा लागतो आणि २००० सालच्या मॉडेलपासून पुढच्या गाड्यांना ओबीडीच्या (गाडीच्या कॉम्प्युटरला स्कॅनर जोडायच्या) सॉकेटमध्ये प्लग लावूनच तपासतात. कोड पुसून चाचणीला गेलं तर ते पकडलं जातं, कारण कोड पुसला की कन्व्हर्टरची आतली स्वयंतपासणीही 'अपूर्ण' होते आणि ती पूर्ण व्हायला बरंच अंतर चालवावं लागतं. दिवेघाट, तुमच्या गॅरेजने कोड पुसल्यावर दिवा आठ दिवस बंद होता त्याचं कारण हेच. त्या दिवसांत काही दुरुस्त झालं नव्हतं, गाडीने फक्त पुन्हा तपासायला वेळ घेतला. मोबाइलला जोडायचा ब्लूटूथचा स्कॅनर घेऊन ठेवा. दोन्ही सेन्सरच्या रेघा त्यावर दिसतात.

दिवेघाट

गेज आणलं, स्कॅनरही मागवला. काल रात्री अंगणात तपासणी केली.

आयडलिंगला साडेपंधरा इंच. अडीच हजारांवर धरलं तर आधी पंधरा, मग चौदा, बारा, आणि मिनिटभरात नऊ. सुई उतरताना बघून पोटात गोळा आला.

आणखी एक सांगतो. गाडी दहा मिनिटं गोठ्यासमोर उभी होती. पुढे घेतली तर खालचं वाळलेलं गवत मधोमध ताटाएवढं तांबूस काळं पडलं होतं. कडब्याची गंजी तिथून हातभर लांब. आता गाडी फरशीवरच लावतोय.

फिटरकाका, व्हिडिओ पाठवलाय.

फिटर_कोल्हापूर

बघितला. वाट अडली आहे, यात आता शंका नाही. पण व्हिडिओतली दुसरी गोष्ट तुमच्या नजरेतून सुटली असेल. आयडलिंगला सुई स्थिर नाही. ती थोड्या थोड्या वेळाने, ठरावीक तालावर, दीड-दोन इंच खाली टिचकी मारते आणि परत येते. जाळी तुंबल्याने अशी टिचकी येत नाही. एका सिलिंडरचा व्हॉल्व पूर्ण मिटत नसेल तर येते. तुमच्या तीन नंबरचा आजार तिथे आहे. प्लग आणि कॉइल बदलून फरक पडला नाही, तो याच कारणाने.

सीएनजी हे कोरडं इंधन. पेट्रोलमुळे व्हॉल्वच्या बैठकीला जो थोडा ओलावा आणि गारवा मिळतो, तो गॅसवर मिळत नाही. लाखावर किलोमीटर गॅसवर चालली की एक्झॉस्ट व्हॉल्व आपल्या सीटमध्ये खोल बसत जातो. व्हॉल्व आत गेला की त्याची दांडी वर सरकते आणि टॅपेटमधली फट कमी होते. फट संपली की व्हॉल्व किंचित उघडाच राहतो. इंजिन तापलं की धातू फुगतो, फट आणखी घटते, म्हणून तुमची गाडी तापल्यावर जास्त त्रास देते. लोकांचा समज असा की टॅपेट वाजतात म्हणजे खराब. सीएनजीच्या गाडीत टॅपेट एकदम गप्प झाले तर मला जास्त काळजी वाटते.

थंड इंजिनावर टॅपेट कव्हर उघडा, फिलर गेजने (पातळ पट्ट्यांचं माप) आठही फटी मोजा. सोबत कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये दाब किती बनतो ते, मोजा. आणि पुढचा ऑक्सिजन सेन्सर काढून त्या भोकात प्रेशर गेज लावा. २२ नंबरचा खाचेचा पाना लागेल. आयडलिंगला दीड पीएसआयच्या आत, अडीच हजारांवर तीनच्या आत असायला हवं. ते झालं की त्याच भोकातून मोबाइलचा बारीक कॅमेरा आत सरकवा. हे गाडी गार झाल्यावरच.

रसायनशाळा

एका सिलिंडरच्या मिसफायरने एवढा जाड पत्र्यातला डबा कसा वितळतो, असा प्रश्न एखाद्याला पडेल म्हणून लिहितो.

आत कॉर्डिएराइट नावाच्या सिरॅमिकची वीट असते, मधाच्या पोळ्यासारखी. एका चौरस इंचात साधारण चारशे नळ्या. नळ्यांच्या भिंतींवर लेप आणि त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियमचे अतिसूक्ष्म कण. साधारण २५० ते ३०० अंश सेल्सिअसला हा उत्प्रेरक जागा होतो आणि एरवी ४०० ते ८०० च्या दरम्यान काम करतो. इंजिनात न जळलेलं इंधन आणि न वापरलेला ऑक्सिजन असे दोघे एकत्र तिथे पोचले की ते त्या विटेत जळतात. जी आग सिलिंडरमध्ये लागायची, ती कन्व्हर्टरमध्ये लागते. सिरॅमिक १४५० अंशांच्या सुमाराला वितळतं, आणि नळ्यांची तोंडं मिटायला तेवढं पुरतं.

त्यात आणखी एक भर पडते. मिसफायरमधला न वापरलेला ऑक्सिजन पुढच्या सेन्सरला दिसतो. सेन्सरला वाटतं मिश्रण पातळ आहे, म्हणून कॉम्प्युटर चारही सिलिंडरना इंधन वाढवतो. म्हणजे आगीत तेल.

तेल जाळणाऱ्या इंजिनाचं वेगळं असतं. तिथे इंजिन ऑइलमधला फॉस्फरस लेपावर थर धरतो, वीट अखंड राहते पण निकामी होते. तुमचं प्रकरण ते दिसत नाही.

दिवेघाट

रविवारी ओळखीच्या एका मेकॅनिकला घरी बोलावलं, दोघांनी मिळून सगळं केलं.

कॉम्प्रेशन: १७०, १६६, ११२, १६८. तिसरं सिलिंडर उघडं पडलं.

टॅपेट कव्हर काढलं. एक, दोन, चारच्या एक्झॉस्टला फट होती, पण पुस्तकातल्यापेक्षा कमी. तीनच्या एक्झॉस्टला गेजमधली सगळ्यात पातळ पट्टीही शिरली नाही. मेकॅनिक दोनदा प्रयत्न करून माझ्याकडे बघायला लागला. मी स्वतः पट्टी हातात घेऊन बघितली, टोक वाकलं पण आत गेलं नाही.

प्रेशर गेज: आयडलिंगला दोन, अडीच हजारांवर साडेआठ. तिथून पुढे रेस द्यायचं धाडस झालं नाही.

कॅमेरा आत घातला. विटेच्या तोंडावर जिथे जाळी दिसायला हवी तिथे निम्म्याहून जास्त भाग काचेसारखा चकाकणारा, मेणबत्तीचं मेण ओघळून गोठावं तसा. कडेला थोड्या नळ्या उघड्या होत्या. त्या चतकोर भागातून माझी गाडी श्वास घेत होती. रबरी हातोडीने डब्यावर हलकं ठोकलं तर आत खुळखुळा वाजला.

म्हणजे ३८ हजारांचा अंदाज चुकीचा नव्हता, पण तीन नंबर तसाच ठेवून नवा बसवला असता तर तोही काही महिन्यांत असाच ओघळला असता. हे लिहितानाही अंगावर काटा येतोय.

आता प्रश्न असा: आधी हेड (इंजिनाचा व्हॉल्व असलेला वरचा भाग) उतरवून व्हॉल्वचं काम करायचं, की टॅपेट सेट करून कन्व्हर्टर बसवायचा? अंजिराचा बहर ऐन भरात आहे, गाडी आठ दिवस उभी ठेवली तर माझं नुकसान मोठं आहे.

फिटर_कोल्हापूर

माझं मन विचाराल तर हेड उतरवा. फट मिटलेल्या अवस्थेत इतके महिने चालली आहे, व्हॉल्वची कड जळालेली असू शकते. पण तुमची अडचण कळते. मधला मार्ग सांगतो. टॅपेट सेट करा, कॉम्प्रेशन पुन्हा मोजा. १४० च्या पुढे आलं तर अडलेला कन्व्हर्टर जागेवर असतानाच काही दिवस रिकामी किंवा हलक्या मालाने चालवा, घाटात पोती नकोत. स्कॅनरवर तीन नंबरच्या मिसफायरचा आकडा रोज बघा. तो शून्यावर राहिला तरच नवा कन्व्हर्टर बसवा. आकडा हलला तर हेड, दुसरा इलाज नाही.

नवा घेताना कंपनीचाच घ्या. बाजारात स्वस्त मिळतात, डबा तसाच दिसतो, पण आत धातूचा लेप नावालाच असतो. वर्षाच्या आत पुन्हा ०४२० येतो. बसवताना पुढचं गॅसकेट नवं टाका. सेन्सरचे आटे मोडू देऊ नका.

आणि जुना डबा गॅरेजमध्ये सोडून येऊ नका. भंगारातही त्याला पैसे येतात, कारण आत प्लॅटिनम-पॅलेडियम आहे. काढलेला पार्ट तुमच्या मालकीचा आहे, मागून घ्या. तुटलेल्या विटेची भुकटी हाताळताना नाकाला फडकं बांधा.

नीरा_काठ

वाचून डोळे उघडले. सरळ पाइप टाकल्यावर माझ्या गाडीने सात-आठ महिन्यांत हेडचं काम काढलं होतं. तेव्हा मला दोन्ही गोष्टी वेगळ्या वाटल्या. जाळी तुंबली कशामुळे, हे मी कधी बघितलंच नाही. दिवेघाट, मी सुरुवातीला दिलेला सल्ला मागे घेतो.

पीयूसीवाली

दादा, कन्व्हर्टर बसला की पीयूसीची मुदत शिल्लक असली तरी एकदा मशीनवर या आणि आकडा बघून घ्या. इंजिन पूर्ण तापवून या. थंड गाडी आणली तर उत्प्रेरक जागा झालेला नसतो, आकडा उगाच जास्त येतो.

दिवेघाट

तीन आठवड्यांनी लिहितोय, उशिराबद्दल माफ करा.

टॅपेट सेट केल्यावर तीन नंबरचं कॉम्प्रेशन १४८ आलं. सुईची टिचकी जवळजवळ गेली. ३४० किलोमीटर हलक्या मालाने चालवली, पोती चुलतभावाच्या गाडीत दिली. रोज रात्री स्कॅनर लावून तीन नंबरचा आकडा वहीत लिहीत होतो. एक दिवस २ दिसला, बाकी सगळे दिवस शून्य. मग कंपनीचा कन्व्हर्टर मागवला, फिरून चौकशी केल्यावर ३१,००० ला मिळाला, गॅसकेट आणि मजुरी वेगळी. जुना डबा घरी आणलाय. हलवला की अजून वाजतो.

आता व्हॅक्यूम आयडलिंगला साडेसतरा, अडीच हजारांवर मिनिटभर धरलं तरी सुई जागची हलत नाही. मागच्या सेन्सरची रेघ ०.६८ वर सपाट. ताईंच्या सांगण्याप्रमाणे गाडी तापवून पीयूसी केली, ०.०३ आलं. परवा पेंडीची पूर्ण पोती घेऊन घाट चढलो, दुसऱ्यावरून तिसरा टाकावा लागला.

भावाला दिव्याचं नीट समजावलंय. त्याने स्वतः स्टीअरिंगशेजारी चिठ्ठी चिकटवली आहे: 'दिवा लुकलुकला तर पाय काढ, दादाला फोन कर.'

हेडचं काम अंजिराचा बहर संपला की करणार आहे.

फिटर_कोल्हापूर

छान झालं. तोपर्यंत पाच हजार किलोमीटरला एकदा कव्हर उघडून तीन नंबरची फट मोजा. आधीपेक्षा कमी भरली तर बहराची वाट बघू नका. मोजलेला आकडा इथेच टाका, मी बघतो.